चार किलोचा सूर

१३ जुलै, रविवार

वही पुन्हा उघडली आहे. आज माझ्यावर एक जबाबदारी आली, आणि जबाबदारी आली की तिची नोंद ठेवावी असं माझं मत आहे.

आमच्या भजन मंडळाची बैठक आज आमच्याच खोलीत झाली. अकरा पुरुष, एक पखवाज आणि मी चहा देणारी. भटवाडीच्या टेकडीवरच्या खोलीत एवढी माणसं बसली की आईला स्वयंपाकघरात उभंच राहावं लागतं. बाबा मंडळाचे बुवा. गेली पंचवीस वर्षं पेटी वाजवत गातात आणि टेकडीवर सगळे त्यांना नंदूबुवा म्हणतात. शेवटच्या श्रावणी सोमवारी शंकराच्या देवळात मंडळाचं भजन असतं, त्याची ही बैठक होती.

बाबा अचानक म्हणाले, "पेटीचो सूर सरळ उभो रवता. गळो वाकता तशी पेटी वाकणा नाय. यंदा बाजूक एखादा वाकणारा वाद्य होया."

पखवाजवाले धोंडिरामकाका मंडळात सगळ्यात मोठे. ते म्हणाले, "पंचवीस वर्सा तुझोच गळो वाकता हा. आता काय झाला, गळ्याक सांधेवात?"

बाबांनी चहा मागितला. तो आधीच त्यांच्या हातात होता.

मी ट्रे खाली ठेवला आणि हात वर केला. म्हटलं, माझ्याकडे युकुलेले आहे, गिटारीचं चार तारांचं पिल्लू. (कॉलेजच्या निरोप समारंभात लकी ड्रॉमध्ये मिळालं होतं. दुसरं बक्षीस प्रेशर कुकर होता. आई अजून हळहळते.) मागच्या गल्लीतला विकी हळदीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो, तोही दारात उभा होता. तो म्हणाला, "ए, चार तारांत काय होणार? माझ्याकडे दोनशे आवाज आहेत. त्यात घोडापण आहे."

शेवटी ठरलं की १० ऑगस्टला दोघांनी वाजवून दाखवायचं. ज्याचा सूर नीट वाकेल तो भजनाला बसेल.

आमच्या मंडळात आजपर्यंत एकही मुलगी बसलेली नाही. मी घरातली पहिली पदवीधर झाले तेव्हा बाबांनी सबंध टेकडीवर पेढे वाटले, पण भजनात माझी जागा अजून चहाच्या ट्रेमागेच आहे. हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. मी बसले तर माझ्यामागून दुसऱ्या मुली बसतील.

१४ जुलै

सूर वाकत नाही.

सूर वाकवायचा म्हणजे दांड्यावरच्या एका पडद्यावर, म्हणजे आडव्या पट्टीवर, तार दाबून धरायची आणि बोटानं बाजूला ढकलायची. तार ताणली जाते, सूर वर चढतो. तत्त्व सोपं आहे. मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं. पण माझ्या युकुलेलेच्या नायलॉनच्या तारा बाजूला सरकतात आणि सूर जिथे होता तिथेच बसून राहतो. मोबाईलमधल्या ट्यूनरचा काटा जरासा थरथरतो, बस.

आई म्हणाली, "कुकर तरी शिट्टी वाजवायचा."

१७ जुलै

मी शिकवते त्या ट्यूशन क्लासमधून लवकर निघून अंधेरीच्या एका वाद्यांच्या दुकानात गेले. म्हटलं, सूर वाकवायला सोप्या पडतील अशा तारा द्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, युकुलेलेवर कोणी सूर वाकवत नाही. लोक बीचवर वाजवतात, फोटो काढतात, संपलं." मी त्याला भजन, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) आणि स्त्रियांचा सहभाग हे सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि मऊ तारांचा एक सेट दिला.

घरी येऊन लावल्या. काटा आधीपेक्षा बरा हलतो. पण बाबा 'हरी' म्हणताना 'ह' आणि 'री'च्या मध्ये जे करतात, त्याच्या पावपटही नाही.

२० जुलै, रविवार

इंटरनेटवर वाचलं की काही लोक युकुलेलेला मासे पकडायची तार लावतात. फ्लुरोकार्बनची. बारीक असूनही मजबूत. म्हणून मेट्रोनं वर्सोव्याला गेले.

मासेमारी अजून बंद आहे, त्यामुळे कोळीवाड्यात सगळे जाळी शिवत बसलेले. एका दुकानात गळ, दोर, बोये टांगलेले होते आणि विमला नावाच्या बाई बसल्या होत्या. मी बारीक फ्लुरोकार्बन मागितली.

"मावरा कंचा धरायचा हाय?"

म्हटलं, मासा नाही, वाद्याला लावायची आहे.

"बरा. मग वजन किती त्याचा?"

"कशाचं?"

"तारेला जा काय लागनार, त्याचा. किलोभर? पाच किलो? त्याशिवाय मी तार कशी देऊ?"

मी तिथेच उभी राहून हिशेब केला. तारेवरचा ताण किलोतच मोजतात, त्यामुळे बाईंचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता. म्हटलं, साधारण चार किलो.

"म्हंजे रावस. चार किलोचा रावस जोर लय करतो. तुझा करतो काय?"

"वाकवला की करतो."

"मग ही ने. तुटली तर मला बोलायचा नाय, रावसाला बोल."

येताना मेट्रोत तारेचं रीळ मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या मुलानं नाक जरा बाजूला केलं. रीळ पूर्ण नवीन होतं, वास असणं शक्य नाही. हा पूर्वग्रह आहे.

२२ जुलै

रावसाची तार वाकते! शेजारच्या शुभाकाकू दार उघडून विचारून गेल्या, मांजर कुठे अडकलंय का.

आज दुसरीही चांगली गोष्ट झाली. बाबा नेहमी काळी चारमध्ये गातात. पेटीवरची ही बरीच वरची पट्टी, गळ्याला चढण फार. आज सरावात त्यांनी आपण होऊन काळी तीन धरली. पट्टी खाली आली की माझ्या तारा सैल कराव्या लागतात, आणि सैल तार आणखी सहज वाकते. मी बाबांना म्हटलं, "बाबा, अजून खाली घेतलीत तर माझं काम फारच सोपं होईल."

बाबांनी पेटीचा भाता लावून टाकला. मग म्हणाले, "घेवया मगे. तुझ्यासाठी."

माझ्यासाठी. पंचवीस वर्षांची पट्टी. माझे बाबा इतके पुरोगामी असतील असं मला वाटलं नव्हतं. आईला हे सांगायला आत गेले, तर ती डब्याचं झाकण लावत होती. ते लागत नव्हतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो, फार करतात तुझ्यासाठी."

२९ जुलै

आता पांढरी चार, आणखी एक पायरी खाली. सूर लोण्यासारखा वाकतो.

श्रावण लागल्यापासून बाबांनी मौन धरलेलं दिसतंय. दूधवाल्याशी बोटांनी बोलतात. मला हाक मारायची असली की मिस्ड कॉल देतात, मी समोरच बसलेली असले तरी. गाण्यासाठी एवढी साधना मी तरी कुठे पाहिली नाही. मीही आज मौन धरलं, पण दुपारी क्लास असल्यामुळे सोडावं लागलं.

आई-बाबा मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आले. आईच्या गुडघ्यासाठी. तिचा गुडघा दुखतो हे मला माहीतच नव्हतं. परवाच ती पाण्याचे दोन हंडे घेऊन टेकडी चढली होती. बायका आपली दुखणी लपवतात, यावर कोणीतरी बोललं पाहिजे.

१ ऑगस्ट

वाट लागली.

आज काकांनी सहज विचारलं, "बरी तार हा गो. खयसून आणलंस?" मी खरं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

काकांनी पखवाज मांडीवरून खाली ठेवला. "श्रावणात? माशाची तार? शंकरासमोर?"

म्हटलं, काका, ती नवीन आहे, तिनं एकही मासा पाहिलेला नाही.

"पाह्यला नाय, पण तिची नियत माशाची."

म्हटलं, तुमच्या पखवाजाला तर चक्क कातडं आहे.

"ता कातडा मुरलेला. भजन ऐकान ऐकान शुद्ध झाला हा. तुझी तार काल इली."

मंडळात दोन तट पडले. एकानं सुचवलं, तारेला श्रावणभर उपास घडवावा. तारेला उपास कसा घडवतात हे त्याला सांगता आलं नाही. विकी म्हणाला, "माझ्या कीबोर्डला तार नाय, नियत पण नाय." शेवटी आमच्याकडे नेहमी होतं तेच झालं. गावाला देवाचा कौल लावायचा ठरला.

मी विरोध नोंदवला. एकविसाव्या शतकात वाद्याची तार देवाला विचारून लावायची? बाबा माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं. ते पेटीच्या पट्ट्या पुसत होते. एकच पट्टी परत परत.

३ ऑगस्ट, रविवार

कौल व्हिडिओ कॉलवर झाला. सगळं लिहून ठेवते, कारण पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही.

गावच्या देवळात गुरव देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. प्रश्न विचारायचा. आमच्याकडे बघणाऱ्याच्या उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. चुलतभाऊ देवेश तिथे फोन धरून उभा होता. खरं तर त्यानं मागचा कॅमेरा लावायचा. पण त्याला स्वतःलाही दिसायचं होतं, म्हणून त्यानं देवाकडे पाठ करून सेल्फीचा कॅमेरा लावला. त्यामुळे अर्ध्या पडद्यावर देव आणि अर्ध्यावर देवेशचं कपाळ.

गुरवकाकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, तुझी लेकरा मुंबैक ऱ्हवतत, त्येंच्या चेडवान एक तार हाडलेली हा, ती माशाची असा तरी भजनात चलात काय, ता सांग रे महाराजा." (चेडवान हाडलेली म्हणजे मुलीनं आणलेली. ती मुलगी मी.) इकडे आमच्या खोलीत सगळे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणाले. मीही म्हणाले. तोंडातून गेलंच.

पाकळी पडली.

देवेश फोनकडे बघत ओरडला, "उजवो!" गुरवकाकांनीही मान हलवली, "उजवो दिल्यान." पण आमच्या पडद्यावर ती डावीकडे पडली होती.

काका म्हणाले, "डावो. मिया बघलंय."

"अरे उजवो, काकानू! माझ्या डोळ्यांसमोर पडलो."

"तुझ्या डोळ्यांसमोर? तू पाठ करून उभो हस."

पाकळी परत बघावी तर देवेशनं ती उचलून प्रसाद म्हणून खिशात टाकली होती.

मला सगळं कळत होतं. सेल्फी काढताना आपल्याच फोनवर आपलं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, पण समोरच्याला सरळ जातं. म्हणजे देवेशनं उलटं पाहिलं आणि आम्ही सरळ. म्हणजे कौल डावा. म्हणजे नकार. मी गप्प बसले असते तर कोणालाही कळलं नसतं. पण शास्त्र आपल्या सोयीनं वापरायचं नसतं. मी उभी राहिले आणि आईच्या टिकलीच्या आरशावर सगळ्यांना प्रात्यक्षिक करून दाखवलं.

विकीनं खुशीत माझ्याशी हात मिळवला.

मग बाबा बोलले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच, आणि इतक्या हळू की सगळे पुढे वाकले. "देव मोबाईलातसून बोलणा नाय. गुरवाच्या तोंडातसून बोलता. गुरव उजवो म्हणालो. विषय संपलो."

त्यांनी असं का करावं? मी स्वतः माझ्याविरुद्ध पुरावा दिला होता. बहुतेक माझा प्रामाणिकपणा त्यांना आवडला.

१० ऑगस्ट, रविवार

जिंकले.

विकीच्या कीबोर्डला एक चाक आहे. ते फिरवलं की सूर वाकतो, आणि सोडलं की उडी मारून परत जागेवर. काका म्हणाले, "ह्या लिफ्टसारखा हा. मधल्या मजल्यावर थांबणा नाय." विकी घाबरला आणि त्यानं भलतंच बटण दाबलं. घोडा आला.

माझी पाळी आली तेव्हा बाबांनी काळी दोन धरली. आणखी खाली. तारा मस्त सैल. मी डोळे मिटून वाजवलं. उघडले तेव्हा काका माझ्याकडे नाही, बाबांकडे बघत होते. मग म्हणाले, "आवाज डासासारखो. पण वाकता. बसांदे चेडवाक."

नंतर विकी येऊन म्हणाला, "तुझा डास मी मोठा करतो. माझा अँप घे, स्पीकरवाला. भाडं नको, फक्त स्टेजवरून माझं नाव घे." मोठ्या मनाचा आहे.

रात्री आईनं पुरणपोळी केली. बाबांना वेगळा मऊ भात. खातानाही त्यांनी मौन सोडलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

देऊळ भरलं होतं. मी पेटीच्या उजव्या हाताला, मंडळाच्या टोप्यांच्या रांगेत एकटीच ओढणीवाली. पुढे बायका बसल्या होत्या. शुभाकाकूंनी अंगठा उंचावून शाबासकी दिली.

सुरू होण्याआधी बाबांनी पेटीवर बोट ठेवलं आणि मी पाहिलं. पांढरी एक. पेटीवरची अगदी खालची. इतकी खाली की माझ्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबल्या. मी खुंट्या पिळत त्यांना खुणेनं विचारलं, एवढी? त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं.

देवाच्या रूपाचं वर्णन करणारी रूपावली झाली, अभंग झाला. आवाज जड होता, पण होता. मग गजर. गजरात शेवटी बाबा 'शंभो' असं लांबवतात की आठवड्याचं सगळं धुणं त्यावर वाळत घालावं. माणसं त्यासाठीच येतात.

बाबांनी तोंड उघडलं. मान वर केली. गळ्याच्या शिरा ताणल्या.

काहीच आलं नाही. विकीच्या अँपमधून वाऱ्यासारखा नुसता श्वास आला.

काकांचा हात पखवाजावर तसाच थांबला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते काही मागत नव्हते. दार उघडून माणूस बाजूला होतो, तसे बघत होते.

मी तार दाबली आणि ढकलली. ती इतकी सैल होती की सरकतच गेली. पडद्याच्या कडेपर्यंत गेली आणि सूर वर, आणखी वर, आजवर गेला नव्हता तिथे. मग मागे साथीला गाणाऱ्या झीलकऱ्यांनी तो उचलला. देऊळ गरजलं. काकांनी ठेका सुरू केला, पण हळू, मी ऐकू यावी म्हणून. काकांना हळू वाजवता येतं हे आज टेकडीला कळलं.

त्यानंतर बाबा नुसते ओठ हलवत होते आणि मी वाजवत होते. शेवटपर्यंत.

स्टेजवरून विकीचं नाव घ्यायला विसरले.

घरी येताना मी बाबांचे आभार मानले. म्हटलं, तुम्ही मुद्दाम जागा सोडलीत, मला कळलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे चालू लागले. आई मागेच थांबली.

१९ ऑगस्ट

आईनं आज भाजी निवडताना सांगितलं. डोळे भाजीवरच ठेवून.

"तुझ्या तारेसाठी नव्हती गं पट्टी खाली जात."

बाबांच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. साधी आहे, जिवाला धोका नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. नंतर बोलता येईल. गाता येईल का, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि आईनंही विचारलं नाही. गुडघा ठीक आहे.

"मला का नाही सांगितलंत?"

"ते म्हणाले, पोरगी एवढी खूश आहे, तिला वाजवू दे."

मी उरलेली गवार निवडून दिली.

३१ ऑगस्ट, रविवार

ऑपरेशन नीट झालं. महिनाभर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. बाबा मोबाईलवर लिहून दाखवतात आणि सगळ्या वाक्यांमागे नमस्काराचं चित्र लावतात, आईला मीठ कमी झालंय सांगतानासुद्धा.

दुपारी त्यांनी पेटी पुढे ओढली आणि मला समोर बसवलं. मी युकुलेले घेतलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून कॉटवर ठेवलं. मग पांढरी एक दाबली आणि माझ्या गळ्याकडे बोट केलं.

मी म्हटलं, बाबा, मी गात नाही.

बोट हललं नाही. मी 'आ' केलं. त्यांनी मान हलवली आणि पुढची पट्टी दाबली. परत 'आ'. अशी एकेक करत वर वर गेलो. पांढरी सहाला त्यांनी थांबून डोळे मिटले. मान डोलावली.

म्हटलं, "बाबा, पट्टी एवढ्या वर घेतली तर तारा ताठ होतील. केसभरही वाकणार नाहीत. दीड महिन्याचं सगळं संशोधन वाया जाईल."

त्यांनी मोबाईल घेतला आणि लिहिलं, 'तार नको. तू वाकव.' मागे नमस्कार.

"मला येत नाही, बाबा. मी बी.एस्सी. आहे."

दारातून काकांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "बी.एस्सी. गळ्याक झालेली नाय मा? मगे गा. मिया बाहेर उभो ऱ्हवान ऐकतंय, तुका लाज वाटात तर."

बाबांनी भाता हलवला आणि पांढरी सहा धरली. धरून ठेवली. मी काही बोलले तरी सोडेनात. तो सूर खोलीभर झाला, आईनं गॅस बंद केला, बाहेर काकांचं खाकरणं थांबलं.

मी गायले. वर नेताना सूर मध्येच तुटला.

बाबांनी भाता पुन्हा भरला आणि तोच सूर धरला.